जेवण ४७ डॉलरचं, रांग ३५ डॉलरची

आई, बाबा, आठ वर्षांची मुलगी आणि पाच वर्षांचा मुलगा. फ्लोरिडातल्या ऑरलँडोजवळ वॉल्ट डिस्ने वर्ल्डच्या मॅजिक किंग्डममध्ये एक अख्खा दिवस. तिकिटाचा भाव तारखेनुसार बदलतो. २०२५ मध्ये नाताळच्या गर्दीत तो एका माणसाला एका दिवसासाठी १९९ डॉलरवर गेला, एरवी बराच खाली असतो. मधला म्हणून १६० धरू. चौघांचे ६४० झाले. आता खाण्याचं बघू. खालचे भाव २०२४-२५ च्या सुमाराचे आहेत आणि हिशेबासाठी गोल केले आहेत.

काउंटरवरून घेतलेलं मोठ्यांचं जेवण, म्हणजे एखादा बर्गर नाहीतर भाताचा बाऊल, १५ डॉलरच्या आसपास. मुलांची थाळी साडेआठ, तिच्यात सोबतचे दोन पदार्थ आणि दूध किंवा पाणी येतं. मोठ्यांचं शीतपेय वेगळं, ५ डॉलर. म्हणजे चौघांचं एक वेळचं जेवण ५७ आणि दोन वेळचं ११४. दिवसातून दोनदा प्रत्येकाला आइस्क्रीम, चुरो, प्रेट्झेल असं काहीतरी, साडेसहाप्रमाणे ५२. माणशी दोन पाण्याच्या बाटल्या, ४ डॉलरची एक, ३२. एकूण १९८. त्यावर सरसकट साडेसहा टक्के विक्रीकर धरला की २११.

हा झाला कुणीही काहीही न ठरवता गेलेला दिवस. आता त्याच घरातून त्याच दिवसाचे तीन खर्च काढू. पाण्याच्या बाटल्या घ्यायच्या नाहीत. मोठ्यांनी शीतपेय घ्यायचं नाही. दोनपैकी एका वेळचा खाऊ घरून न्यायचा. दोन्ही जेवणं तशीच ठेवायची, मुलांचं आइस्क्रीमही तसंच. खर्च होतो १२० आणि कर धरून १२८. एकही जेवण न गाळता ८३ डॉलर वाचले.

या ८३ ची फोड बघण्यासारखी आहे. कर बाजूला ठेवला तर ७८ डॉलर उरतात. त्यातले ३२ पाण्याचे, २० शीतपेयांचे आणि २६ खाऊचे. वाचलेल्या पैशांत दोन-तृतीयांश वाटा पिण्याचा आहे. थीम पार्कमध्ये स्वस्त कुठे खावं असा प्रश्न आपण विचारतो तेव्हा डोळ्यांपुढे जेवणाच्या पाट्या असतात. पैसा मात्र बहुतेक घोटाघोटाने जातो.

डिस्ने वर्ल्डच्या ज्या काउंटरवर शीतपेयांचं यंत्र आहे तिथे मागितलं की बर्फ घातलेलं पाणी कपातून फुकट मिळतं. दुसरं काही विकत घ्यावं लागत नाही. चौघं असाल तर चार कप मागा, तेही मिळतात. नेहमीची रिकामी बाटली सोबत असली की ते कप तिच्यात ओतायचे आणि पुढे निघायचं. फ्लोरिडाच्या जुलैमध्ये माणशी दोन बाटल्यांवर भागत नाही, तीन-चार लागतात. तेव्हा ३२ हा आकडा मी कमीच धरला आहे. उन्हात फिरणाऱ्या लेकराच्या पाण्यावर कुणी बचत करू नये. इथे तशी वेळच येत नाही, कारण विकतच्या पाण्याशेजारीच फुकटचं पाणी आहे, फक्त ते मागावं लागतं. आपल्या माणसांना मागायचा संकोच होतो, विशेषतः नवख्या देशात. तो करू नये. काउंटरवरची माणसं दिवसभर हेच देत असतात.

भाव असे का, याचं उत्तर कंपनीच्या जमाखर्चात मिळतं. २०२३ च्या आर्थिक वर्षात डिस्नेला थीम पार्कांच्या प्रवेशातून सुमारे १,०४० कोटी डॉलर मिळाले. पार्कांमधल्या आणि त्यांच्याशी जोडलेल्या व्यवसायांतल्या वस्तू, खाणं आणि पेयं यांतून सुमारे ७७० कोटी. तिकिटाच्या दर १०० डॉलरमागे आणखी ७४ डॉलर आतल्या विक्रीतून येतात. खाणं हा या धंद्याचा मोठा खांब आहे. एकदा माणूस आत गेला की आसपास दुसरं दुकान नसतं आणि बाहेर जाऊन यायचं तर तास-दीड तास मोडतो. १९५५ साली कॅलिफोर्नियात डिस्नेलँड उघडलं तेव्हा मोठ्यांचा प्रवेश १ डॉलरचा होता आणि राइडचे पैसे वेगळे द्यावे लागत. आता राइड तिकिटात आल्या, पोट मात्र बाहेरच राहिलं.

रांगेचा भाव

इथवरचा हिशेब पाकिटाचा होता. मला खरं सांगायचं आहे ते घड्याळाबद्दल.

६४० डॉलर देऊन हे कुटुंब आत गेलं. पार्क सकाळी ९ ते रात्री ९ उघडं आहे असं धरू, म्हणजे बारा तास. भागाकार केला तर चौघांचा एक तास ५३ डॉलरचा होतो. दुपारी साडेबाराला जेवणाच्या रांगेत, मग ट्रे हातात धरून टेबल शोधण्यात ४० मिनिटं गेली, तर ती ४० मिनिटं ३५ डॉलरची झाली. जेवण, फुकटचं पाणी धरून, ४७ चं. रांगेचा भाव जेवणाच्या पाऊणपट!

तिकिटाचे पैसे तर गेलेच आहेत, रांगेत उभं राहिलं म्हणून कुणी वेगळे ३५ डॉलर मागत नाही, असं कुणी म्हणेल. खरं आहे. पण त्या पैशांनी जे घेतलं ते मोजकेच तास आहेत आणि संध्याकाळी ते परत मिळत नाहीत. मेन्यूतले दोन डॉलर वाचवायला पार्कच्या दुसऱ्या टोकाला वीस मिनिटं चालत जाणारी कुटुंबं मी पाहिली आहेत. मुलं थकलेली, बाबा पुढे, आई मागे. त्या वीस मिनिटांचे सतरा-अठरा डॉलर होतात. परतीची वाट धरली तर दुप्पट.

गर्दीचा आकडाही पाहायला हवा. २०२३ मध्ये मॅजिक किंग्डमला सुमारे १ कोटी ७७ लाख लोक गेले, असा या उद्योगाचा दरवर्षीचा अंदाज सांगतो. ३६५ ने भागलं तर दिवसाला सरासरी ४८ हजार. सुट्टीच्या दिवशी अर्थातच जास्त. यातले निम्मे लोक जरी बारा ते दीडच्या दरम्यान जेवायला निघाले तरी दीड तासात २४ हजार पानं वाढायची आहेत. कितीही काउंटर उघडले तरी रांग होणारच.

यावरचे उपाय फुकट आहेत. पहिला, जेवणाची वेळ सरकवणं. सकाळी सहाला उठून, सातला काहीतरी तोंडात टाकून निघालेल्या मुलांना अकराला खरंच भूक लागलेली असते. बहुतेक काउंटर तेव्हा दुपारचं जेवण द्यायला लागलेले असतात. अकराला जेवा, तीनला घरचा खाऊ, साडेपाचला रात्रीचं जेवण. तीनही वेळा गर्दीच्या बाहेर पडतात. दुसरा उपाय मोबाइल ऑर्डरचा. डिस्ने वर्ल्डमध्ये तो २०१७ मध्ये तिथल्याच अ‍ॅनिमल किंग्डम या दुसऱ्या पार्कातल्या सातूली कॅन्टीनपासून सुरू झाला आणि आता बहुतेक काउंटरांवर आहे. अ‍ॅपमध्ये पदार्थ निवडायचे, येण्याची वेळ निवडायची, पैसे भरायचे. त्या वेळेला दाराशी पोचल्यावर ‘मी आलोय’ हे बटण दाबायचं, मग स्वयंपाकघर कामाला लागतं आणि थोड्या वेळात खिडकीवर नाव लागतं.

यात एक खोच आहे. साडेबाराला भूक लागल्यावर अ‍ॅप उघडलं तर पुढची मोकळी वेळ दीड-दोनची दिसते. तेव्हा सकाळी पहिल्या राइडच्या रांगेत उभं असतानाच दुपारची वेळ धरून ठेवायची. बटण दाबेपर्यंत ऑर्डर चुलीवर चढत नाही, म्हणून बेत बदलला तर ती वेळ पुढेही ढकलता येते. पार्कात वाय-फाय फुकट आहे, त्यामुळे भारतातलं सिम असलेल्या पाहुण्यांनाही हे जमतं. फोनची बॅटरी तेवढी जपावी लागते.

मुलांची थाळी मोठ्यांनाही

काउंटरवर मुलांची थाळी घ्यायला वयाचा दाखला लागत नाही. कमी खाणाऱ्या मोठ्या माणसाला ती पुरते आणि १५ ऐवजी साडेआठ पडतात. पुण्याहून, नागपूरहून लेकाकडे आलेल्या आजीला अमेरिकन मापाचा बर्गर संपत नाही. अर्धा उरतो, मग तो टाकवत नाही म्हणून सून खाते, आणि पुढे तिला राइडमध्ये बसवत नाही. आजीला मुलांची थाळी घ्यावी. त्यातच दूध किंवा पाणी येतं आणि सोबतीला फळांचा पर्याय बहुतेक ठिकाणी असतो. दोन मोठ्यांनी एक मोठी थाळी आणि एक मुलांची थाळी वाटून खाल्ली तर तीसऐवजी साडेतेवीसमध्ये भागतं आणि काही उरत नाही.

बुफेला आणि जेवणाच्या प्लॅनला मात्र वय बघतात. तीनखालच्या मुलाला तिकीट नाही, बुफेतही पैसे नाहीत. तीन ते नऊ हे मूल. दहा पूर्ण झाली की डिस्नेच्या लेखी माणूस मोठा होतो आणि पूर्ण भाव भरतो. शाकाहारी, बेताचं खाणाऱ्या घराला बुफे परवडत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. तिथला भाव मांसाचे आणि समुद्रातले पदार्थ भरपूर खाणाऱ्याच्या पोटाला धरून ठरलेला असतो.

बसून जेवायच्या हॉटेलात छापील भावावर थांबून चालत नाही. मेन्यूवर १०० डॉलर झाले की साडेसहा कर आणि अठरा टक्के टीप धरून बिल १२४ डॉलर ५० सेंटवर जातं. सहा किंवा जास्त माणसं असतील तर ही अठरा टक्के टीप बिलातच लावून येते. आई-वडील आणि सासू-सासरे एकत्र आले की सहा माणसं सहज होतात. काउंटरवर टीप नाही. तेव्हा काउंटरचे १५ आणि टेबलावरचे २० यांत ५ चा फरक दिसतो तो प्रत्यक्षात ९ च्या आसपास असतो. तरीही दिवसात एकदा, थंडगार जागेत, पाठ टेकून तासभर बसायला मिळणं याला किंमत आहे. वडीलधारी माणसं सोबत असतील तर मी ते पैसे आनंदाने देईन.

किरकोळ खाण्यात दोन गोष्टी आकडे मांडून बघण्याजोग्या आहेत. पॉपकॉर्नचं साधं खोकं ६ डॉलरच्या आसपास. पुन्हा भरून मिळणारी बादली पहिल्या भरणीसकट सुमारे १३ ची, पुढची प्रत्येक भरणी अडीचच्या जवळपास. तीन वेळा खाल्लं तर दोन्हीकडे १८ च होतात. चौथ्या वेळेपासून बादली फायद्यात. बादली मुक्काम संपेपर्यंत चालते, म्हणून तीन-चार दिवस राहणाऱ्यांनी पहिल्याच दिवशी घ्यावी, एका दिवसासाठी आलेल्यांनी घेऊ नये. दुसरी गोष्ट डिस्नेच्या हॉटेलांत मिळणारा मग. साधारण २२ डॉलर, मुक्कामभर चहा, कॉफी, शीतपेयं हवी तितकी. तो पार्कात चालत नाही, फक्त हॉटेलांत. कॉफीचा कप पावणेचारचा धरला तर सहाव्या कपाला मगचे पैसे वसूल. सकाळ-संध्याकाळ चहा लागणाऱ्या माणसाला तिसऱ्या दिवशी तो फुकटात पडायला लागतो. चहा न घेणाऱ्याला चार मुक्कामांत वसूल होत नाही.

जेवणाचा प्लॅन घ्यावा का

डिस्नेच्या हॉटेलात उतरणाऱ्यांना आगाऊ पैसे भरून जेवणाचा प्लॅन घेता येतो. करोनाकाळात बंद झालेला हा प्लॅन ९ जानेवारी २०२४ पासून परत आला. काउंटरच्या जेवणाच्या प्लॅनचा २०२४ चा दर एका रात्रीला मोठ्यांना ५७ डॉलर १ सेंट आणि तीन ते नऊ वर्षांच्या मुलांना २३ डॉलर ८३ सेंट. त्यात रोज दोन जेवणं, एक खाऊ आणि वर सांगितलेला मग. कर आतच. खोलीतल्या सगळ्यांसाठी घ्यावा लागतो, एकट्यासाठी मिळत नाही.

आपल्या चौघांचे रात्रीला १६१ डॉलर ६८ सेंट. आता तेच सुटं मांडू. मोठ्याची दोन जेवणं ३०, खाऊ ७, कर मिळून ३९ डॉलर ४० सेंट. दोघांचे ७९. मुलाची दोन जेवणं १७, खाऊ साडेसहा, कर मिळून २५. दोघांचे ५०. एकूण १२९. फरक रात्रीला जवळपास ३३ डॉलर, पाच रात्रींचे १६५.

जरा बारकाईने पाहिलं तर हा तोटा सगळा मोठ्यांच्या वाट्याचा आहे. मुलांच्या प्लॅनमध्ये उलट डॉलर-सव्वा डॉलर सुटतो, शिवाय मग. मोठ्यांच्या ५७ मध्ये प्रत्येक जेवणासोबत एक पेय धरलेलं असतं आणि २१ वर्षांवरच्यांना ते मद्यही घेता येतं. रोज दोन वेळा बिअर किंवा कॉकटेल घेणाऱ्याला, मेन्यूतला सगळ्यात महागडा पदार्थ मागणाऱ्याला प्लॅन वसूल होतो. पाणी पिणाऱ्या, भाताचा बाऊल खाणाऱ्या जोडप्याला होत नाही. आमच्याकडे प्लॅन घेतला की निवांत, प्रत्येक वेळी पाकीट काढायला नको, असं सांगितलं जातं. ही निवांतता खरी आहे. तिचा भाव मात्र रात्रीला ३३ डॉलर आहे, एवढं लक्षात ठेवून घ्यावी.

२०२६ च्या पॅकेजांसाठी डिस्नेने तीन ते नऊ वर्षांच्या मुलांचा प्लॅन मोफत जाहीर केला आणि हिशेब पालटला. मोठ्यांचा दर चार-पाच डॉलरने वाढून ६२ झाला असं धरलं तरी दोघांचे १२४ होतात, सुटे १२९. दोन लहान मुलं असलेल्या घराला तेव्हा प्लॅन घ्यायला हरकत नाही, अटी नीट वाचून. मुलं दहा किंवा त्याहून मोठी असतील तर नाही.

डब्यात काय, आणि काय नको

डिस्ने वर्ल्डमध्ये घरचं खाणं आत नेता येतं, हे पुष्कळ भारतीय पाहुण्यांना ठाऊक नसतं. आपल्याकडच्या दारावरच्या झडतीची सवय झालेली असते ना! नियम सोपे आहेत. काचेची बाटली-बरणी नको, मद्य नको. गरम करावं लागेल किंवा शीतकपाटात ठेवावं लागेल असं काही नको. उग्र वासाचं काही नको. शीतपेटी चालते, पण २४ बाय १५ बाय १८ इंचांपेक्षा मोठी नको, आणि तिच्यात सुटा बर्फ किंवा ड्राय आइस नको. बर्फाचे बंद पॅक चालतात.

हे नियम वाचले की मराठी स्वयंपाकघरात तयार यादीच सापडते. तिखटामिठाच्या पुऱ्या, दशम्या, थेपले, खाकरे, राजगिऱ्याचे लाडू, कोरडी बाकरवडी. प्रवासाचं खाणं म्हणून हे पदार्थ पिढ्यान्‌पिढ्या टिकले ते याच गुणांवर. गरम करावं लागत नाही, हात माखत नाही, उन्हात नासत नाही. लसणाची चटणी आणि मुरलेलं लोणचं मात्र हॉटेलवरच ठेवावं. नियमासाठी ठेवावंच, शेजारच्या बाकावरच्या माणसासाठीही. शेंगदाण्याच्या चिक्कीबद्दल एक विनंती. अमेरिकेत शेंगदाण्याची तीव्र अ‍ॅलर्जी असलेली मुलं पुष्कळ भेटतात. आपल्या लेकराने ओळखीच्या नसलेल्या मुलाला प्रेमाने तुकडा पुढे करू नये, एवढं त्याला आधी सांगून ठेवावं.

भारतातून हे नेताना विमानतळावर कस्टम्सला खाणं असल्याचं सांगायचं असतं. ताजी फळं आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत, कोरड्या फराळाला सहसा अडचण येत नाही. एवढंही नको असेल तर पटेल ब्रदर्ससारखी भारतीय दुकानं आहेत. १९७४ मध्ये शिकागोच्या डेव्हन अ‍ॅव्हेन्यूवर सुरू झालेली ही साखळी आता अमेरिकेतल्या आपल्या माणसांच्या घरोघरच्या डब्यांत आहे. गोठवलेले पराठे तिथे मिळतात. हॉटेलच्या खोलीत मायक्रोवेव्ह असेल तर सकाळी गरम करून, फॉइलमध्ये गुंडाळून न्यावेत.

डब्याने जेवणाची जागा घ्यावी असं मला वाटत नाही. वरच्या हिशेबात डबा फक्त तीन वाजताच्या खाऊच्या जागी आहे आणि तेवढ्यावर दिवसाला २६ डॉलर वाचतात. दोन्ही जेवणं घरची नेली तर आणखी शंभर वाचतील. पण त्यासाठी आईला पहाटे चारला उठावं लागेल, आणि सहल तिचीही आहे.

शाकाहारी माणसाला डिस्ने वर्ल्ड आता पूर्वीइतकं अवघड राहिलेलं नाही. २०१९ पासून तिथल्या सगळ्या काउंटरांवर आणि हॉटेलांत किमान एक तरी पूर्ण वनस्पतिजन्य पदार्थ ठेवायला सुरुवात झाली. मेन्यूवर त्याच्यापुढे पानाचं चित्र असतं. पान म्हणजे मांस, दूध, अंडं, मध यांपैकी काही नाही. आपल्याला दूध चालतं, तेव्हा पान नसलेले चीजचे पदार्थही घेता येतात, फक्त अंड्याचं आणि तळणाच्या तेलाचं विचारून घ्यावं. सातूली कॅन्टीनमधला टोफूचा बाऊल मराठी जिभेला जवळचा वाटतो. खाली भात आणि घेवड्यासारखे दाणे, वर तिखटसर तळलेला टोफू, हवी ती चटणी. एका बाऊलमध्ये मोठा माणूस भरपेट जेवतो.

आणि एक जागा तिकिटाशिवायची. अ‍ॅनिमल किंग्डम लॉजच्या किदानी व्हिलेजमध्ये २००९ पासून ‘सना’ नावाचं हॉटेल आहे. आफ्रिकी स्वयंपाक, भारतीय वळणाचा. तिथल्या ब्रेड सर्व्हिसमध्ये साधा नान, आलं-लसणाचा नान, मसाल्याचा नान, कांद्याचा कुलचा आणि पनीर पराठा असे पाच प्रकार येतात आणि सोबत नऊ तऱ्हेच्या चटण्या-कोशिंबिरी. चौघांच्या मध्ये ठेवून खायची ही थाळी, एका मोठ्या माणसाच्या बसून जेवायच्या जेवणाइतकीच तिची किंमत. खिडकीबाहेर गवताळ रानात जिराफ आणि झेब्रे चरत असतात. पार्कचं तिकीट लागत नाही, म्हणून ज्या दिवशी पार्कला सुट्टी असेल त्या दुपारी इथे जावं. त्या दिवशी घड्याळाला ५३ डॉलरचा भाव नसतो.

पाहुण्या आई-वडिलांबद्दल थोडं. डॉलर ८५ रुपये धरला तर मिकीच्या तोंडाचं सहा डॉलरचं आइस्क्रीम ५१० रुपयांचं होतं. हा गुणाकार काउंटरपुढे झाला की आजोबा ‘मला नको, घसा धरतो’ म्हणतात आणि नातवाचा हिरमोड होतो. त्यांनी आयुष्यभर जपून खर्च केला म्हणून मुलं इथवर पोचली, तेव्हा त्यांच्या गुणाकाराला हसू नये. आदल्या रात्री दिवसाचा आकडा त्यांच्यापुढे मांडावा. तिकिटं इतकी, खाणं इतकं, ते आधीच धरलेलं आहे, त्यात तुमचं आइस्क्रीम आहे. एकदा पैसे बाजूला काढलेत हे कळलं की तीच माणसं मोकळेपणाने खातात.

खोपोलीला गेल्यावर

हा हिशेब महाराष्ट्रात जसाच्या तसा चालत नाही. रायगड जिल्ह्यात खोपोलीजवळ एप्रिल २०१३ मध्ये इमॅजिका सुरू झालं आणि मुंबई-पुण्याच्या मुलांना मोठं थीम पार्क दोन तासांच्या आत आलं. पण आपल्याकडच्या बहुतेक पार्कांत बाहेरचं खाणं आत नेता येत नाही. डबा बाद झाला. पाण्याचंही तसंच. डिसेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हॉटेल आणि रेस्टॉरंटांना बाटलीबंद पाणी छापील किमतीपेक्षा जास्त दराने विकण्याची मुभा दिली, कारण तिथे बाटलीसोबत सेवाही विकली जाते. जानेवारी २०२३ मध्ये याच न्यायालयाने बाहेरचं खाणं अडवण्याचा चित्रपटगृहांचा हक्क मान्य केला आणि प्रेक्षकांना पिण्याचं स्वच्छ पाणी फुकट द्यायला हवं हेही नोंदवलं. हा निकाल चित्रपटगृहांपुरता आहे. दिवसभर उन्हात मुलं पळतात अशा पार्कांना तोच पाण्याचा नियम लागू व्हावा, असं मला मनापासून वाटतं.

बिल मात्र आपल्याकडे हलकं आहे. रेस्टॉरंटच्या जेवणावर जीएसटी ५ टक्के. सेवा शुल्क बिलात परस्पर लावता येत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचना दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये उचलून धरल्या. लावलेलं दिसलं तर काढायला सांगावं.

डबा नाही म्हटल्यावर बचत उरते ती जेवणाच्या संख्येत. द्रुतगती मार्गावर खालापूरच्या फूड मॉलला किंवा खोपोली गावात रमाकांतच्या वडापाववर सकाळी साडेनऊला पोटभर खाऊन आत शिरलं, आत दोनला एकदाच जेवलं, आणि रात्रीचं जेवण परतीच्या वाटेवर घेतलं, तर आतल्या भावाचं एकच जेवण होतं. दोनचं जेवण गर्दीही चुकवतं. तिकीट काढण्याआधी पार्कला फोन करून चार गोष्टी विचाराव्यात. तिकिटासोबत जेवणाचं पॅकेज आहे का आणि त्यात मुलांचा वेगळा दर कितव्या वर्षापर्यंत आहे. पिण्याच्या पाण्याचे नळ कुठे आहेत. रिकामी बाटली आत सोडतात का. आणि तान्ह्या बाळाचं खाणं, मधुमेही आजोबांसाठी एखादं बिस्किट किंवा फळ चालतं का. उत्तरं देणाऱ्याचं नाव आणि वेळ लिहून ठेवावी, दारावर उपयोगी पडते.